शेवटचं कडवं गाळू नका

पौषातल्या एका थंड रात्री पुण्याजवळच्या एका मैदानावर बँडचा कार्यक्रम होता. तरुण पोरं, दोन गिटार, बेस, ड्रम आणि कडेला हलगी, संबळ, टाळ. समोर बसलेली माणसं बहुतेक पंचविशीच्या आतली. तिसरं की चौथं गाणं सुरू झालं आणि पहिल्या शब्दालाच माझ्या अंगावर काटा आला. ‘अवघा रंग एक झाला.’ चाल त्यांची स्वतःची होती. बेसने धरलेला जड, संथ ठेका, त्यावर टाळांची झड आणि गाणाऱ्या मुलाचा खर्जातून वर चढत जाणारा मोकळा आवाज. माझ्या शेजारची मुलगी डोळे मिटून गात होती, तिला सगळे शब्द पाठ होते. मी शेवटच्या ओळीची वाट पाहत होते.

ती आलीच नाही. चौथ्या कडव्यानंतर गिटारवाला पुढे आला, दोनअडीच मिनिटं जीव ओतून वाजवलं, पुन्हा ध्रुपद झालं आणि मैदान टाळ्यांनी भरून गेलं. मागच्या मोठ्या पडद्यावर गाण्याचं नाव आलं, खाली बँडचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरांत : ‘शब्द – पारंपरिक.’

गाळलेली ओळ अशी आहे : ‘पाहते पाहणे गेले दुरी । म्हणे चोखियाची महारी ॥’

हे म्हणणारी बाई सोयराबाई. चौदाव्या शतकातली, मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची बायको. देवळाच्या पायरीपलीकडे जिला पाऊल टाकता येत नव्हतं, ती म्हणते की मी-तूपण वाया गेलं, भेदाचं इथे काम नाही, सगळा रंग एक झाला. हे तिने म्हणणं आणि दुसऱ्या कुणी म्हणणं यांत किती अंतर आहे! देवळात सुखाने उभा राहणारा माणूस ‘अवघा रंग एक’ म्हणाला तर ते अध्यात्म झालं. बाहेर उभी असलेली बाई म्हणते तेव्हा त्यात दावा असतो. हा दावा शेवटच्या ओळीत आहे, कारण बोलणारी कोण हे तिथेच कळतं. ती ओळ गेली की सोयराबाई गेली, तिची जात गेली, पायरीबाहेरचं उभं राहणं गेलं. उरलं एक छान, गोड, कुणाचंही गाणं.

नंतर कळलं की ‘महारी’ हा शब्द मंचावर कसा म्हणायचा, असा संकोच त्या मुलांना वाटला होता. त्यांची भावना चांगली होती, याबद्दल मला शंका नाही. पण तो शब्द तिने स्वतः निवडला आहे. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ असं विचारायला जी डगमगली नाही, तिच्या वतीने आपण सातशे वर्षांनी लाजायचं कारण नाही.

आपल्याकडे लोकसंगीतावर रॉक बेतणारे बँड आता गावोगावी उभे राहत आहेत. अभंग, भारूड, गोंधळ, पोवाडा, कोळीगीत, ओवी, सगळ्याला गिटार लागली आहे. यावर जो वाद होतो तो नेहमी एकाच जागी अडकतो : गिटारने लोकसंगीत बिघडतं की नाही. हा वाद मला निरर्थक वाटतो. हार्मोनियम युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय भजनी मंडळाची कल्पनाही होत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत आणि कोळीवाड्यातल्या हळदीत जो बेंजो वाजतो त्याचं मूळ घराणं जपानी आहे. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट गोऱ्या पलटणींच्या बँडमधून आपल्या वरातीत आले. गोंधळ्याने, तमासगिराने, शाहिराने हाताला लागेल ते वाद्य घेतलं आणि आपलंसं केलं. मग गिटारनेच काय घोडं मारलंय? उलट संबळाच्या खोल घुमाऱ्याखाली बेसगिटार नीट बसली तर दोन्ही एकमेकांना उचलून धरतात. मी ते त्या रात्री कानांनी ऐकलं आहे. मुंबईतल्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडमुळे ज्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा तुकोबांचा अभंग ऐकला, त्यांना नावं ठेवण्याचं पाप मी करणार नाही.

माझं भांडण त्या ‘पारंपरिक’ नावाच्या शब्दाशी आहे.

आपली परंपरा निनावी आहे, हा समज कुठून आला कोण जाणे. कारण नाव घातल्याशिवाय गाणं संपवायचं नाही, ही आपली जुनी रीत. तुका म्हणे, नामा म्हणे, म्हणे नामयाची जनी. अभंगाची शेवटची ओळ म्हणजे सहीच, तिलाच नाममुद्रा म्हणतात. लावणीतही तेच. होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर, रामजोशी यांची नावं आपल्याला कुणी बखरीतून काढून दिलेली नाहीत, त्यांनीच ती शेवटच्या कडव्यात गुंफून ठेवली. आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या पोवाड्यांपैकी एक अफझलखानाच्या वधाचा. रचणारा अज्ञानदास. नाव त्याच पोवाड्यात आहे. एवढंच काय, शिवरायांनी शाहिराला घोडा बक्षीस दिला आणि शेरभर सोन्याचा तोडा हातात घातला, हेही त्यातच येतं. म्हणजे गाणाऱ्याचं नाव आणि गाणाऱ्याची बिदागी या दोन्ही गोष्टी गाण्याच्या आत लिहून ठेवणारी ही परंपरा आहे. हॅरी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली जुने पोवाडे मिळवून छापले तेव्हा कवींची नावं टिकली, कारण शाहिरांनी ती आधीच कडव्यांत बांधून ठेवली होती. अशा परंपरेच्या खाली ‘पारंपरिक’ असं लिहून नाव पुसणं म्हणजे तिच्या मुळावरच घाव घालणं आहे.

पोवाड्याबद्दल थोडं अधिक बोलते, कारण इतिहासावर रॉक करायचा म्हटलं की सगळे आधी तिकडेच वळतात. ड्रमवर घोड्याच्या टापा, गिटारचा गडगडाट, राजांच्या नावाचा जयघोष. ऐकताना रक्त सळसळतं हे खरं. पण जुना पोवाडा ऐका. तो नावांनी गजबजलेला असतो. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात तानाजी आहे, रायबाचं लग्न आहे, म्हातारे शेलारमामा आहेत. कोण कुठून निघाला, कोणत्या वाटेने आला, कुणी काय खाल्लं, कुणी कुणाला काय म्हटलं, हे शाहीर सांगत बसतो. मागे साथ देणारे झीलकरी ‘जी जी’ म्हणत ते पुढे ढकलतात. चार मिनिटांच्या गाण्यात आधी हे तपशील जातात. मग माणसं जातात. मग फक्त राजा उरतो आणि शेवटी राजाही जाऊन घोषणा उरते. मावळखोऱ्यातल्या ज्या माणसांची नोंद दुसरीकडे कुठेच सापडणार नाही, त्यांची एकमेव हजेरी शाहिराने घेतलेली असते. ती हजेरी गाळायची आणि वर ‘आम्ही इतिहास गातो’ म्हणायचं, हे मला पटत नाही. तीनशे ओळींचा पोवाडा आख्खा गा, असं मी म्हणत नाही. एक चौक, म्हणजे पोवाड्याचा एक भाग घ्या, पण पुरा घ्या. माणसांसकट घ्या.

‘पारंपरिक’ हा शब्द दिसायला नम्र आहे. यातलं काही माझं नाही, सगळं पूर्वजांचं आहे, असा त्याचा सूर. व्यवहारात मात्र तो नेमका उलटा चालतो. जे कुणाचंच नाही ते ज्याने छापलं त्याचं होतं. जुन्या गाण्याची नवी मांडणी केली की मांडणीचे हक्क मांडणाऱ्याकडे जातात, ध्वनिमुद्रणाचे हक्क ते करून घेणाऱ्याकडे. ज्याच्याकडून गाणं शिकलं त्याच्यासाठी रकानाच नसतो.

हे कुठवर जाऊ शकतं याचं जगातलं सगळ्यात वेदनादायक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. सॉलोमन लिंडा हा झुलू गायक. १९३९ साली जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीच्या स्टुडिओत त्याने आपल्या गटाबरोबर ‘म्बुबे’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. म्बुबे म्हणजे सिंह. गाणं त्याचं स्वतःचं होतं. हक्कांचे त्याला १० शिलिंग मिळाले. ती तबकडी पुढे अमेरिकेत पोचली आणि पीट सीगर यांच्या ‘द वीव्हर्स’ या लोकसंगीत गाणाऱ्या गटाने ते गाणं उचललं. ‘उयिंबुबे’ हा झुलू उच्चार त्यांना ‘विमोवे’ असा ऐकू आला आणि तेच गाण्याचं नाव झालं. हे आफ्रिकेतलं पारंपरिक गाणं असावं, असं सीगर धरून चालले होते. १९६१ मध्ये इंग्रजी शब्द लावून आणखी एका गटाने ते गायलं आणि ते जगभर गाजलं, १९९४ मध्ये ‘द लायन किंग’ या चित्रपटातही आलं. लिंडा १९६२ सालीच गरिबीत वारला होता, त्याच्या थडग्यावर दगड बसवायलाही घरच्यांकडे पैसे नव्हते. मुलींना कोर्टाची पायरी चढावी लागली आणि २००६ मध्ये तडजोड झाली. सीगर लबाड माणूस नव्हते. कामगारांसाठी, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी त्यांनी आयुष्य वेचलं. आणि तरीही हे घडलं, कारण ‘पारंपरिक असेल’ असं एकदा म्हटलं की विचारायची गरजच उरत नाही. म्हणून भल्या माणसांनीच या शब्दाला जास्त जपायला हवं, असं मला वाटतं.

यावर लगेच उत्तर येतं : लोकगीत खरोखरच एकाचं नसतं, मग नाव कुणाचं घालणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायला इंग्लंडातल्या एका गाण्याकडे पाहू. ‘स्कारबरो फेअर’ हे जुनं इंग्रजी लोकगीत अमेरिकन गायक पॉल सायमनने लंडनमध्ये मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून ऐकलं. १९६६ साली सायमन आणि गारफंकल यांचं ध्वनिमुद्रण निघालं, त्यावर कार्थीचं नाव नव्हतं. बरीच वर्षं ही सल राहिली. अखेर २००० मध्ये सायमनने लंडनच्या आपल्या मैफलीत कार्थीला बोलावलं आणि दोघांनी ते गाणं एकत्र गायलं. गोष्ट इथवर सगळ्यांना माहीत असते. पण कार्थीला तरी ते कुठून मिळालं? युअन मॅकॉल आणि पेगी सीगर यांच्या संग्रहातून. आणि मॅकॉलला? १९४७ साली उत्तर इंग्लंडातल्या मिडल्टन-इन-टीझडेल या गावच्या मार्क अँडरसन नावाच्या म्हाताऱ्याकडून. हा शिशाच्या खाणीतला निवृत्त कामगार. गाणं त्याने रचलेलं नव्हतं, त्यालाही कुणाकडून तरी आलं होतं. तरीही त्याचं नाव कळल्यावर ते गाणं मला वेगळं ऐकू येतं. गाण्यात जत्रेला निघालेल्या माणसाला अशक्य कामं सांगितली जातात, त्यांच्यामागे एक खाणकामगार दिसायला लागतो. मॅकॉलने ते नाव लिहून ठेवलं म्हणून हे शक्य झालं.

म्हणजे कर्ता सापडला नाही तर ज्याच्या तोंडून ऐकलं त्याचं नाव लिहायचं. एवढं सोपं आहे ते.

आणि हे काम आपल्याकडे इतकं चोख झालं आहे की इंग्लंडपर्यंत जायचीही गरज नाही. ओवी हा आपला सगळ्यात निनावी वाटणारा प्रकार. पहाटे जात्यावर बसलेली बाई गाते, तिला श्रोता नाही, कागद नाही, नाममुद्रेची तर गोष्टच सोडा. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’साठी ओव्या गोळा केल्या, पुढेही अनेकांनी केल्या, पण ओवीसोबत बाईचं नाव टिपायची चाल फारशी नव्हती. पुण्यात राहून काम करणाऱ्या गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी ती रीत पाडली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आणि कुठल्या गावात कुठली बाई काय गायली याची नोंद ठेवली. २०१७ पासून ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. ओवी, तिचा आवाज, बाईचं नाव, गाव, मिळाला तर फोटो. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. त्यांना कुणी ‘पारंपरिक’ म्हटलं असतं तर तो आवाज लाख आवाजांत विरून गेला असता. सीतेच्या वनवासावरची ओवी शेकडो बायका गातात. पण गंगूबाईंच्या गळ्यातून ती येते तेव्हा तिच्यात त्यांचं आयुष्य उतरलेलं असतं, आणि त्या आयुष्याला नाव आहे.

शेतात राबून आलेल्या बायकांच्या दारात बसून जर लाख ओव्यांची अशी नोंद होऊ शकते, तर दहा गाण्यांचा अल्बम काढणाऱ्यांना दहा नावं लिहिणं अवघड नाही.

कायद्याने काही होईल का? थोडंफार. १९५७चा आपला कॉपीराइट कायदा कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क मानतो. सोयराबाई, अज्ञानदास, रामजोशी केव्हाच सगळ्यांचे झाले, आणि ते तसेच राहावेत. मात्र आज जिवंत असलेल्या गोंधळ्याचं, वाघ्याचं, शाहिराचं सादरीकरण ही त्याची स्वतःची गोष्ट आहे. १९९४च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला आणि २०१२च्या दुरुस्तीने त्यासोबत आपलं नाव लावलं जाण्याचा हक्कही आला. तुम्ही गावात जाऊन एखाद्या आजोबांचा आवाज मोबाइलवर टिपलात आणि तो गाण्याच्या सुरुवातीला जोडलात, तर तो ‘वातावरणनिर्मिती’चा आवाज नव्हे, ते एका कलावंताचं काम आहे. हे किती बँडना माहीत आहे? किती आजोबांना?

याच्या पलीकडे जाऊन लोककलेचं स्वामित्व सरकारकडे द्यावं, असं काही जण सुचवतात. घानाने २००५च्या कायद्याने तसं केलं आहे, तिथे लोककलेचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे असतात. मला हा मार्ग नको वाटतो. परवानगीचं दफ्तर उघडलं की पहिला हेलपाटा ज्याचं गाणं आहे त्यालाच पडेल. जेजुरीच्या वाघ्याने खंडोबाचं गाणं ध्वनिमुद्रित करण्यासाठी मुंबईत अर्ज घेऊन फिरावं, ही कल्पनाही सहन होत नाही. शिवाय पोवाडा सरकारदरबारी जमा झाला की तो कुणाविरुद्ध गायचा, हेही सरकारच ठरवील.

नाव घालण्यातली एक अडचण मात्र खरी आहे आणि ती कायद्याची नाही. पोतराज, मुरळी, जोगती, गोंधळी ही नुसती कलेची नावं नाहीत. त्यांना जात चिकटलेली आहे, आणि मुरळीच्या बाबतीत तर लहान मुलीला देवाला वाहून टाकण्याचा सगळा अन्याय. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ मध्ये कायदा झाला, महाराष्ट्रात पुन्हा २००५ मध्ये करावा लागला. ‘येळकोट’च्या गजरात गिटार वाजवताना हे आठवायला हवं, कारण त्या चाली कुणाच्या तरी मोडलेल्या आयुष्यातून आल्या आहेत. अशा घरातल्या मुलाला आज आपल्या आजीचं नाव पडद्यावर नको असेल. तो शिकला असेल, नोकरीला असेल, शेजाऱ्यांना कळू नये असं त्याला वाटत असेल. मग नाव घालू नका. पण हे त्याने ठरवायचं आहे, आणि त्याने ठरवायचं तर आधी कुणीतरी त्याच्या दारात जाऊन विचारायला हवं. आपण ‘पारंपरिक’ लिहितो तेव्हा त्याच्या वतीने आपणच ठरवून मोकळे झालेले असतो.

हे लिहिताना एक सांगितलं पाहिजे : माझ्या हातूनही हेच घडलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या नवरात्र महोत्सवाची पत्रिका मी तयार केली होती. शास्त्रीय गायिकेचं नाव, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सगळं नीट छापलं. अष्टमीच्या गोंधळासमोर लिहिलं, ‘गोंधळी आणि संच’. चार माणसं आली होती. रात्री दहाला चौक मांडला, पहाटे तीनपर्यंत त्यांनी जागर केला. गायिकेइतकाच वेळ, खरं तर तिप्पट. त्या चौघांचीही नावं मला आज सांगता येत नाहीत. पत्रिकेत जागा नव्हती असंही नव्हतं. मला ते सुचलंच नाही, आणि त्याची लाज अजून वाटते.

चांगली वाट दाखवणारेही आहेत. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत खोऱ्यात राहिला. हे खोरं आपल्या नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावपर्यंत येतं आणि सरदार सरोवरात बुडालेलं मणिबेलीही आपलंच. नर्मदेचं गाणं त्याच्याकडे आलं ते नदीकाठच्या माणसांमधून, आणि ते ऐकताना नदीला खरंच कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं. कर्नाटकात गायक रघु दीक्षितने शिशुनाळ शरीफ या एकोणिसाव्या शतकातल्या संतकवीची पदं रॉकमध्ये आणली, आणि ती शरीफांची म्हणूनच आणली. बेंगळुरूच्या पबमध्ये बसलेल्या पोरांना शरीफ हे नाव ठाऊक झालं. कन्नडमध्ये कवीच्या मुद्रेला ‘अंकित’ म्हणतात, शरीफांच्या पदांत ती येते. गाण्याने त्यात काही गमावलं नाही.

म्हणून बँडच्या पोरांकडे माझं मागणं छोटं आहे. नाममुद्रेचं कडवं गा. गायला दहाबारा सेकंद लागतात, त्या अडीच मिनिटांच्या गिटारमधून तेवढे काढता येतील. आणि खरं सांगू का, त्याने गाण्याला धारच येईल. ‘म्हणे चोखियाची महारी’ ही ओळ सगळी वाद्यं थांबवून नुसत्या गळ्यावर म्हणून पाहा, मैदान कसं शांत होतं ते पाहा. पडद्यावर, अल्बमवर, जिथे जिथे ‘पारंपरिक’ लिहायला हात जाईल तिथे रचणाऱ्याचं नाव लिहा. ते नसेल तर ज्याच्याकडून शिकलात त्याचं आणि त्याच्या गावाचं. शिकवणारा हयात असेल तर कमाईतला वाटा आधीच बोलून ठेवा. लोककलावंत सुपारी घेतात तेव्हा रक्कम, जेवण, गाडीभाडं सगळं आधी ठरवून घेतात. त्यांना हिशोब कळत नाही असं समजू नका. आयोजकांनीही एवढं करावं की कलावंतांच्या यादीत नावांशिवाय कुणाला घ्यायचं नाही. ‘आणि सहकारी’ हा प्रकार बंद करावा.

त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर मी मंचाच्या मागे गेले. हलगी वाजवणारे मामा पत्र्याच्या कुंपणापलीकडे एकटेच बसले होते. साठीच्या पुढचे, डोक्याला मफलर. समोर जळून गेलेल्या कागदांची राख. थंडीने हलगीचं कातडं सैल पडतं, ते शेकून ताणावं लागतं. मंचाजवळ जाळ करायला परवानगी नव्हती. म्हणून दर दोन गाण्यांमागे ते उठून इथे येत होते, कागद पेटवत होते, हलगी फिरवून फिरवून शेकत होते आणि पळत परत जात होते. प्रेक्षकांतून हे दिसलं नव्हतं. गाणाऱ्या मुलाने शेवटी सगळ्यांची ओळख करून दिली होती. गिटार, बेस, ड्रम, प्रत्येकाचं नाव, आडनाव. यांच्यापाशी आल्यावर तो प्रेमाने म्हणाला होता, ‘आणि हलगीवर आपले लाडके मामा!’

मी त्यांना विचारलं, हात कुणाचा? म्हणजे शिकवलं कुणी. त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, मग आजोबांचं, मग गावाचं. आजोबांच्या हातची हलगी यात्रेत दोन कोसांवरून ओळखू यायची, म्हणाले. मी पिशवीतल्या पासच्या मागे सगळं लिहून घेतलं आणि म्हटलं, मी या विषयावर लेख लिहिणार आहे, त्यात तुमचं नाव घालते.

ते हलगी पोत्यात गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, ‘लेखात नको, ताई. त्यांच्या त्या पडद्यावर टाकायला सांगा. तिथं माझी नातवंडं बघतील.’

म्हणून ती नावं इथे लिहिलेली नाहीत. पासवरचा मजकूर मी बँडला पाठवला, सोबत सोयराबाईंची शेवटची ओळही पाठवली. गाणाऱ्या मुलाचा दुसऱ्या दिवशी फोन आला. बराच वेळ बोललो. त्यांचा पुढचा कार्यक्रम माघी पौर्णिमेच्या आसपास आहे. मी जाणार आहे.